बिनभाड्याचा ट्रक

निवृत्त माणसाने काय करावं, याबद्दल निवृत्त न झालेल्या माणसांची मतं फार ठाम असतात. त्याने पहाटे फिरायला जावं, ज्ञानेश्वरी लावावी, नातवंडांना शाळेतून आणावं आणि उरलेल्या वेळात कुणाच्या मध्ये येऊ नये. या यादीत ‘त्याने रेडिओवर चालणारा खेळण्यातला ट्रक घ्यावा’ हे कलम कुठेच नाही. मी तो घेतला. १९८४ साली घेतलेल्या माझ्या स्कूटरला जेवढे पैसे पडले नव्हते, तेवढे या ट्रकला पडले; आणि स्कूटर निदान मंडईत तरी नेता येत असे.

प्रश्न पैशांचा होता तोवर मी निश्चिंत होतो. तसल्या प्रश्नांची उत्तरं नवरे लोक लग्नानंतर वर्षभरात शिकतात. पण आमच्या सौभाग्यवतींनी एके दिवशी प्रश्नच बदलला. म्हणाल्या, “ते ट्रकवाले बिचारे पोटासाठी रात्र-रात्र जागतात, आणि तुम्ही दुपारची झोप झाली की ट्रक चालवता. कुणाच्या कष्टांचा असा खेळ करू नये माणसाने.”

पैशांचा प्रश्न असता तर मी हप्ते सांगितले असते. नीतीच्या प्रश्नाला हप्ते पाडून मिळत नाहीत.

उत्तराकडे वळण्यापूर्वी हा खेळ आहे तरी काय, ते सांगायला हवं. यंत्र लांबून रेडिओलहरींनी चालवायची कल्पना तशी जुनी. १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एक छोटी होडी अशी चालवून दाखवली होती. पुढे जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९७६ साली आपली पहिली रेडिओ-मोटार काढली आणि १९९३ साली ‘किंग हॉलर’ नावाचा ट्रक काढला. अमेरिकन घाटाचा, पुढे लांब नाक असलेला, १/१४ प्रमाणाचा. दहा चाकं, खऱ्यासारखे पाटे आणि चक्क तीन गिअर. माझा ट्रक तो हाच.

तो तयार मिळत नाही. खोक्यात मिळते ती ट्रक होण्याची नुसती शक्यता. बाकी रेडिओ वेगळा, बॅटरी वेगळी, चार्जर वेगळा, मोटारीचा वेग सांभाळणारी पेटी वेगळी. लग्नात ‘फक्त मुलगी आणि नारळ’ म्हणून सुरुवात होते आणि मग याद्या येतात, तसंच. स्क्रूंची पाकिटं अ, ब, क अशी लावलेली असतात. जपानी स्क्रूच्या डोक्यावरची फुली आपल्या फुलीपेक्षा किंचित निराळी. आपला नेहमीचा स्क्रूड्रायव्हर लावला की डोकं झिजतं. आधी स्क्रूचं, मागाहून आपलं. तेव्हा नव्याने या वाटेला लागणाऱ्याला माझा सल्ला असा, की आधी एखादा स्वस्तातला, तयार मिळणारा ट्रक घ्या. बॅटरी निकेलची घ्या. लिथियमची तापट असते, चार्जिंगला लावून तिला एकटी सोडता येत नाही. आणि सुरू करताना आधी हातातला रेडिओ, मग ट्रक. बंद करताना आधी ट्रक, मग रेडिओ. म्हणजे हुकूम देणाऱ्याने आधी उठायचं आणि सगळ्यांच्या शेवटी झोपायचं. हा नियम घरातल्या बाईला कुणी शिकवावा लागत नाही.

खरी परीक्षा पुढेच. ट्रक आपल्यापासून लांब जात असतो तोवर सगळं सुरळीत. तो वळून आपल्याकडे येऊ लागला, की त्याचं डावं ते आपलं उजवं होतं. आपण भिंत चुकवायला जातो आणि तो नेमका भिंतीकडे जातो. यावर उपाय एकच : मनाने त्याच्या केबिनमध्ये जाऊन बसायचं आणि तिथून बघायचं. ऐकायला सोपं वाटतं. चाळीस वर्षांच्या संसारात हे ज्याला जमलं असेल, त्याने हात वर करावा.

तर आता नीतीकडे. मी सौभाग्यवतींना पहिलं उत्तर दिलं ते भातुकलीचं. लहानपणी तूही खोटी भाजी चिरलीस, खोटी पोळी लाटलीस. तुझी आई खऱ्या चुलीपुढे डोळे पुसत असे. म्हणून तिच्या कष्टांची थट्टा झाली का? बुद्धिबळात आपण प्यादी मारतो, म्हणून आपण काही सैनिकांचे वैरी होत नाही. त्यावर त्या म्हणाल्या, “भातुकली खेळणाऱ्या मुलीला पुढे स्वयंपाक करायचाच असतो. तुम्ही पुढे ट्रक चालवायला जाणार आहात का?”

हा मुद्दा बिनतोड होता. मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. सरकारी नोकरीत अडचण आली की आकडे मांडायची सवय लागते, ती निवृत्तीनंतर जात नाही. १/१४ प्रमाण म्हणजे लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी चौदा पटींनी कमी. तेव्हा वजन चौदा गुणिले चौदा गुणिले चौदा, म्हणजे २७४४ पटींनी कमी व्हायला हवं. सोळा टनांचा भरलेला ट्रक या हिशेबाने सहा किलोंच्या आत येतो. इथवर गणित जमलं. मग मी पुढच्या ओळी लिहिल्या : झोप, भूक, गाडीचं कर्ज, वजनकाट्यावरची रांग, परतीचं भाडं मिळेल की नाही याची काळजी. यांना २७४४ने भागायचं की चौदाने? माझ्या ट्रकमध्ये यांचं प्रमाण सरळ शून्य होतं. खेळण्यात ट्रक लहान झाला होता. ट्रकवाला मात्र लहान नव्हे, नाहीसा झाला होता. जिथे त्याने बसायचं, तिथे माझ्या ट्रकमध्ये रिसीव्हरची डबी आहे आणि मागे त्याच्या पाठ टेकायच्या जागेत तारांचं भेंडोळं.

हा हिशेब अर्धवट असतानाच उन्हाळा लागला आणि आमच्या सोसायटीत टँकर सुरू झाले. पाणी टाकीत उतरेपर्यंत टँकरवाला जिन्याच्या सावलीत उकिडवा बसून असतो. मी पार्किंगमध्ये ट्रकला ट्रेलर जोडून तो उलटा घेण्याची तालीम करत होतो. ट्रेलर डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग उजवीकडे वळवावं लागतं, आणि मी तिसऱ्यांदा कुणाच्या तरी सायकलीला टेकलो होतो. टँकरवाला उठून जवळ आला.

“काका, हिला भाडं किती मिळतं?”

“भाडं कसलं हो. नुसतीच चालवायची.”

“रिकामी?” त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी व्यथा उमटली. रिकामी गाडी पळवणं म्हणजे त्याच्या धंद्यात डिझेल जाळून वर पाप घेणं. मग म्हणाला, “द्या बघू.”

त्याने रेडिओ हातात घेतला, दोन मिनिटं पुढे-मागे करून अंदाज घेतला आणि ट्रेलर दोन सायकलींच्या मधोमध असा नेऊन लावला की जणू तो तिथेच जन्मला होता. “पाच वर्षं ट्रेलरवर होतो. न्हावाशेवा ते इंदूर,” तो म्हणाला. नंतर बराच वेळ तो ट्रक फिरवत राहिला. मधेच थांबून त्याने विचारलं, “हिचे ब्रेक नाही लागले तर काय होतं?”

“काही नाही. भिंतीला आपटते. फार तर बंपर निघतो.”

“आणि आत कोण असतं?”

“कुणी नाही.”

“मग बरंय,” तो म्हणाला. “अशी गाडी पाहिजे.”

इतक्यात वरून सेक्रेटरींचा आवाज आला, की टाकी भरून वाहते आहे आणि खाली काय पोरखेळ चाललाय? दोघांनीही एकदमच रेडिओ मागे लपवायचा प्रयत्न केला. तो एकच असल्याने जरा ओढाताण झाली.

मी हे सगळं घरी सांगितलं. ज्याच्या कष्टांचा खेळ होतो म्हणून खटला होता, तोच आरोपीबरोबर खेळून गेला, तेव्हा खटला निकाली निघाला असं समजायला माझी हरकत नव्हती. पण ‘आत कोण असतं?’ हा प्रश्न काही निकाली निघेना. माझ्या हिशेबात जे शून्य खटकत होतं, तेच त्याला सगळ्यांत जास्त आवडलं होतं.

याचं उत्तर मला शेवटी आपल्या पोळ्यात सापडलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतात. पोळ्याच्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवत नाहीत, त्यांना पुरणपोळी देतात. आणि विदर्भात त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. तेव्हा मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात. क्रम बघा : आधी खऱ्या बैलाची विश्रांती, मग लाकडी बैलाची मिरवणूक. आपल्या पूर्वजांनी खेळाला ‘नको’ म्हटलं नाही. त्याला फक्त दुसऱ्या दिवसाची तारीख दिली.

ट्रकवाल्याचा पोळा मात्र कुठे लागत नाही. दसऱ्याला ट्रकला झेंडूची माळ मिळते, ट्रकवाल्याला मिळालाच तर एक पेढा. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी झालेल्या कायद्यात दिवसाचे ८ आणि आठवड्याचे ४८ तास काम, असं लिहिलेलं होतं. ते वाचायलासुद्धा कित्येक चालकांना तेवढी सवड झाली नसेल. नव्याने बनणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या केबिनमध्ये थंड हवेची सोय हवी, असा नियम झाला. म्हणजे खांदेमळणीला सुरुवात झाली म्हणायची. पुरणपोळी अजून दूर आहे.

तेव्हा माझा निवाडा असा : दुसऱ्याच्या कष्टांचा खेळ खुशाल करावा. त्यातला शीण काढून टाकून नुसती गंमत घ्यावी. खेळ म्हणतात तो यालाच. पण काढून टाकलेला शीण कुठे जाऊन बसला आहे, तेवढं विसरू नये. आमच्याकडे तो जिन्याच्या सावलीत उकिडवा बसलेला होता. दहा हजार लिटर पाणी आणणाऱ्या त्या माणसाला पेलाभर पाणी विचारायची आमच्यात पद्धत नव्हती.

सोसायटीच्या सभेत मी ठराव मांडला. टँकरवाल्याला बसायला बाक, प्यायला पाणी आणि वॉचमनचं स्वच्छतागृह वापरायची मुभा असावी. सेक्रेटरींनी विचारलं, “हे तुमच्या त्या खेळण्यामुळे सुचलं का?” मी ‘होय’ म्हणालो. सभा तासभर चालली. बाक मंजूर, पाणी मंजूर, स्वच्छतागृह ‘पुढील सभेपुढे ठेवावे’. तीनपैकी दोन. १/१४ प्रमाणापेक्षा हे पुष्कळच बरं.

पुढच्या सभेला मी ट्रक घेऊनच जाणार आहे. उरलेल्या ठरावाचा कागद ट्रेलरवर ठेवून तो सतरंजीच्या टोकापासून सेक्रेटरींच्या टेबलापर्यंत नेणार. सौभाग्यवतींनी कागद उडू नये म्हणून दोरीने बांधून द्यायचं कबूल केलं आहे. निदान त्या दिवशी तरी गाडी रिकामी जाणार नाही.