तिखटाच्या मापाने मोजलेली हिंसा

माणसातली आक्रमकता मोजायची कशी? मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांनी यासाठी काढलेल्या युक्त्या गमतीदार आहेत. एकीत प्रतिस्पर्ध्याच्या कानात किती कर्कश आवाज सोडला ते पाहतात. दुसरीत, तिखट न सोसणाऱ्याला किती झणझणीत सॉस वाढला ते. हिंसक गेम खेळून उठलेली माणसे इथे हात जरा सढळ सोडतात, असे बऱ्याच प्रयोगांत दिसले. पण तिखट वाढणे म्हणजे सुरा खुपसणे नव्हे. 1999 मध्ये अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेत गोळीबार करणारे दोघे 'डूम' हा हिंसक गेम खेळत, एवढ्यावरून निघालेला निष्कर्ष मात्र थेट सुऱ्यापर्यंत गेला. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने 2020 मध्ये हा फरक स्पष्ट केला: ओरडणे, ढकलणे यांच्याशी गेमचा संबंध लहान, पण सातत्याने आढळणारा, गंभीर हिंसेशी तो जोडण्याइतका पुरावा नाही. जपान आणि दक्षिण कोरियातही गेमचे वेड कमी नाही, तिथे शाळांत गोळ्या चालत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, संबंध लहान असला तरी खेळणारी मुले कोट्यवधी आहेत. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच मूळ हिंसेच्या चित्रात आहे की आणखी कशात, हे तपासायला हवे. 2014 च्या एका संशोधनात गेममधली हिंसा तीच असताना नियंत्रणांची ओळख करून न देताच खेळायला बसवले, तेव्हा खेळणारे अधिक चिडले. रक्ताचा थेंबही नसलेला 'टेट्रिस' जाणूनबुजून छळवादी केला, तेव्हाही चिडले. म्हणजे राग बंदुकीपेक्षा हरण्याचा, हतबल होण्याचा. मारामारी पाहून मन हळूहळू निबर होते, ही शंका यामुळे मिटत नाही. वृत्ती वर्षानुवर्षे घडते आणि अर्ध्या तासाच्या प्रयोगात ती सापडणे कठीणच. पण शंकेवर पोलीस धाडणे वेगळे. राजकोटमध्ये मार्च 2019 मध्ये पबजी या गोळीबाराच्या मोबाइल गेमवर बंदी आली आणि खेळणाऱ्या तरुणांना अटकही झाली. पुढच्या वर्षी देशभर बंदी आली ती हिंसेमुळे नव्हे, चीनकडे माहिती जाण्याच्या भीतीने. जुलै 2021 मध्ये हाच खेळ भारतीय नावाने परतला, तेव्हा रक्त हिरवे झाले होते आणि 'किल'च्या जागी 'फिनिश' आले होते. चेष्टा या रंगाचीच झाली. अठरा वर्षांखालच्यांना रोज तीनच तास, ही त्याच खेळातली दुसरी अट चर्चेत फारशी आली नाही; मुलाच्या झोपेशी आणि चिडचिडीशी खरा संबंध होता तो तिचा.