ऊब कोणाची?

हिवाळा लागला की आमच्या नशिराबादकडे मळ्यामळ्यांत भरिताचे बेत ठरू लागतात. कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवून त्यांवर मोठी वांगी भाजली जातात. पुरुष मंडळीही ती सोलतात, ठेचतात. शेजारीपाजारी, पाहुणेरावळे एकाच पंगतीला बसतात. त्या जाळाची आठवण काढून आम्ही घरी हळहळतो, 'गॅस आला आणि चुलीची ऊब गेली!'

असे म्हणताना आम्ही एक गोष्ट विसरतो. मळ्यातील धूर आभाळात विरतो. घरच्या चुलीचा धूर मात्र आमच्या आईच्या डोळ्यांत व छातीत साठत गेला. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गोरगरिबांच्या घरी गॅस पोहोचविला. तरीही सिलिंडर परवडत नाही म्हणून कित्येक ठिकाणी चूल पेटतेच. एकीने धूर गिळावा आणि इतरांनी ऊब घ्यावी, हा न्याय कसा म्हणावा?

मळ्यातील ऊब वाटून घेतलेल्या कष्टांची असते. ती गॅसच्या शेगडीपाशीही नांदू शकेल. आज संध्याकाळी स्वयंपाकघरात कोण एकटे उभे आहे, एवढे आम्ही उठून पाहिले पाहिजे.