उत्तराचा अधिकार : विनोद, बोली आणि संगणकीय अद्भुत

अपमान निरुपद्रवी खेळ होऊ शकतो काय, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राइतकाच नीतिशास्त्राचाही आहे. १९९० साली ल्युकासफिल्म गेम्सने प्रसिद्ध केलेल्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ या विनोदी अद्भुत-खेळाच्या रचनेत त्याचे एक लक्षणीय उत्तर सापडते. पडद्यावरील वस्तूंवर बाण नेऊन, कळ दाबत पुढे सरकायच्या या खेळात तलवारबाजी आहे. पण जय मिळतो तो टोमण्याला चपखल उत्तर दिल्याने. ही उत्तरे नायकाला आधी ठाऊक नसतात. हरायचे, प्रतिपक्षाचा टोमणा लक्षात ठेवायचा, तोच दुसऱ्यावर टाकून त्याचे उत्तर शिकायचे, असा क्रम आहे. अखेरीस तलवारबाजीत निष्णात असलेली स्त्री सर्वस्वी नवे टोमणे टाकते आणि त्यांना जुनीच उत्तरे लागू पडतात. म्हणजे रॉन गिल्बर्ट व त्यांच्या सहलेखकांना प्रत्येक उत्तर दोन टोमण्यांना पुरेल असे घडवावे लागले. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ज्यांना परिचित आहेत त्यांना ही रीत परकी वाटू नये.

तथापि तेथे जखम कोणालाच होत नाही, कारण त्या चाच्यांना गाव नाही. असा खेळ जळगाव-धुळ्याच्या अहिराणीत रचायचा म्हटले, तर पहिला पेच भाषांतराचा नसून पात्रयोजनेचा असेल : अहिराणी कोणाच्या तोंडी? आपल्या नाटक-चित्रपटांचा रूढ संकेत असा, की प्रमाणभाषा नायकाची आणि बोली दाराशी उभ्या असलेल्या गड्याची. बहिणाबाईंची गाणी १९५२ साली ग्रंथरूप झाली तेव्हा खानदेशी बोलीला (ती अहिराणी नव्हे, लेवा बोली) शहाणपणाचा मान मिळाला. तो देणे त्या मानाने सोपे होते. विनोदाचे कर्तेपण देणे अवघड.

धुळ्याशेजारच्या मालेगावात ते कर्तेपण कोणी देण्याची वाट पाहिली गेली नाही. नासिर शेख यांच्या ‘मालेगाव का सुपरमॅन’ची घडण फैजा अहमद खान यांच्या २००८ सालच्या माहितीपटात नोंदली आहे. नायक शफीक शेख हे किरकोळ अंगाचे यंत्रमाग कामगार. त्यांचा सुपरमॅन गावच्याच बोलीत बोलतो, गावच्याच धुळीने धापा टाकतो. खलनायकाला घाण प्रिय. येथे दारिद्र्यच हास्याचा विषय झाले, हा आक्षेप घाईचा आहे. हसे होते ते, सामर्थ्याला गाव नसते, या परदेशी समजुतीचे. अर्थात हेच दृश्य महानगरातील प्रेक्षक पाहतो तेव्हा हास्याचा रोख फिरू शकतो, आणि ते रोखणे चित्रपटकर्त्याच्या हाती उरत नाही.

खेळाच्या रचनाकाराच्या हाती मात्र काही उरते. पुण्याच्या खेळाडूलाही टोमणे अहिराणीतच ऐकावे लागतील, उत्तरेही अहिराणीतूनच निवडावी लागतील, आणि पहिल्या काही लढती तो हरेल.