‘मला नाही जमायचं रे’

सहलीचा बेत ठरत असताना जो सगळ्यांत आधी गळतो, तो ‘पैसे नाहीत’ असं कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, ‘घरी काम निघालंय’, ‘बघू, सांगतो’, ‘तुम्ही जाऊन या, मी पुढच्या वेळी’. आमच्या परभणीकडे या सगळ्याला मिळून एकच वाक्य पुरतं : ‘मला नाही जमायचं रे.’ जमायचं नाही म्हणजे वेळ नाही, पैसा नाही की घरून परवानगी नाही, हे ऐकणाऱ्यानं आपल्या सोयीनं ठरवायचं. आणि ऐकणाऱ्याची सोय बहुतेक वेळा ‘वेळ नसेल बिचाऱ्याला’ असं समजण्यातच असते.

मला या लेखात एवढाच प्रश्न सोडवून बघायचाय : मित्रांच्या दोन दिवसांच्या सहलीचा खर्च कसा वाटला, म्हणजे तो न्याय्य झाला असं म्हणता येईल? प्रश्न किरकोळ वाटेल. पण न्याय-अन्यायाचे मोठे खटले आपल्यापैकी फार थोड्यांच्या वाट्याला येतात. बाकीच्यांच्या वाट्याला येतात ते असे, दोन-चार हजार रुपयांचे आणि ओळखीच्या माणसांमधले.

आमचं टोळकं सहा जणांचं, शाळेपासूनचं. एक पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. एकाचं परभणीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. एक मानवत तालुक्यात शेती करतो. एक कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे. एक स्पर्धा परीक्षेच्या चौथ्या वर्षात आहे. सहावा मी, माझा पगार मोठा नाही, पण महिन्याच्या महिन्याला होतो. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं छाती फुगवून सांगणारे आम्ही, दोन दिवस मोकळे मिळाले की परभणीच्या बाहेर पडायचं बघतो.

या वेळी हैदराबाद ठरलं. आमच्या आजोबांच्या पिढीला ‘शहर’ म्हटलं की पुण्या-मुंबईच्या आधी हैदराबादच आठवायचं. १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती, आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच राहिली. वरच्या शिक्षणाला, मोठ्या कामाला लोक तिकडे जात. उस्मानिया विद्यापीठ १९१८ सालचं. त्यामुळे चारमिनार, गोवळकोंडा, सालारजंग म्युझियम ही नावं आम्ही भूगोलाच्या पुस्तकाआधी घरातच ऐकलेली.

ग्रुपवर बेत पडला तो असा : दिवाळीच्या सुट्टीत जायचं, कारण तेव्हा पुणेकर घरी असतो. सात सीटर गाडी ठरवायची. दोन एसी रूम. एक दिवस फिल्म सिटी. माणशी साडेपाच हजार. खाली पोल टाकला. तीन अंगठे लगेच उठले. तासिकावाल्याचं उत्तर आलं, ‘मला नाही जमायचं रे.’ शेतकरी मित्राच्या नावापुढे नुसत्या निळ्या खुणा. परीक्षावाल्यानं एक हसरा चेहरा पाठवला, ज्याचा अर्थ काहीही होतो.

आता हा हिशोब बघा. त्यात कुणी कुणाला फसवलेलं नाही. तेहतीस हजार कुणी पुढे भरणार नाही, सहा जणांनी सहा सारखे वाटे उचलायचे. टीटीएमएम, तुझं तू माझं मी. या पद्धतीची टिंगल करू नये, तिच्यात एक मोठा गुण आहे : तिच्यात कुणीच कुणाचा मिंधा राहत नाही. ‘मिंधा’ हा शब्द ज्यानं मराठीत घडवला, त्याला माणसाचं मन चांगलंच कळत असणार. पैसा परत करता येतो, पण मिंधेपणाचा हप्ता किती आणि तो कधी फिटला, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणूनच पुणेकरानं मोठ्या मनानं ‘अरे, त्या दोघांचं मी भरतो ना’ असं मला खासगीत कळवलं, तेव्हा त्याचं मन चांगलं असूनही तो मार्ग मला पटला नाही. ज्याचे पैसे दुसऱ्यानं भरलेत, तो जेवताना मेन्यूकार्ड उजवीकडून वाचतो. आधी किंमत, मग पदार्थ. दोन दिवस असं जेवायला कुणाला आवडेल?

मग उरतं काय? सारखा वाटा घेतला तर काही जण येऊच शकत नाहीत, आणि दुसऱ्यानं भरला तर ते मोकळेपणानं राहू शकत नाहीत.

अ‍ॅरिस्टॉटलनं आपल्या नीतिशास्त्रात मैत्रीवर भरपूर लिहिलंय. मित्रांचं जे असतं ते सगळ्यांचं असतं, ही ग्रीकांची जुनी म्हण तो मान्य करतो. पण त्याच चर्चेत तो एक कडू गोष्टही सांगतो : दोघांमधलं अंतर, मग ते गुणांचं असो की संपत्तीचं, फार वाढलं की ते मित्र राहत नाहीत. दहावीच्या बाकावर आमच्यातलं अंतर एखाद्या वडापावाएवढं होतं. आता ते एका पगाराएवढं झालंय. अ‍ॅरिस्टॉटलचं बरोबर असेल, तर आमचा ग्रुप म्हणजे नुसती जुन्या फोटोंची पेटी आहे. मला हे मान्य करायचं नाही, म्हणून दुसरीकडे बघावं लागतं.

आमच्या गावांत अखंड हरिनाम सप्ताह बसतो. त्याचा खर्चही सगळ्यांनीच उचलायचा असतो. पण तिथं बेरजेला घरांच्या संख्येनं भागत नाहीत. कुणी पाच हजार देतो, कुणी पायलीभर ज्वारी, कुणी चूल पेटवायला सरपण आणून टाकतो, कुणी सात दिवस वाढायला उभा राहतो. वर्गणी ऐपतीप्रमाणे, आणि काल्याच्या दिवशी पंगत सगळ्यांना सारखी. पाच हजारवाल्याच्या पत्रावळीवर जास्तीची बुंदी पडत नाही.

हे चित्र मी रंगवून सांगत नाहीये. मोठ्या देणगीदाराचं नाव लाऊडस्पीकरवरून तीनदा पुकारतात, हे मलाही ठाऊक आहे. आणि याच गावांनी जातीनुसार वेगळ्या पंगती बसवलेल्या आहेत, हे तर विसरताच येणार नाही. तरीही या रीतीत एक शहाणपण आहे. घरोघरचा आकडा किती असावा, याचा अंदाज सप्ताह ठरवणाऱ्यांना आधीच असतो, आणि त्या अंदाजावरच पंगतीत काय वाढायचं ते ठरतं. आधी लाडू आणि मग प्रत्येकाला दीड हजार, असं होत नाही. वर्गणी कमी जमली तर पंगतीत वरण-भात आणि गव्हाची खीर. पण बसतात सगळे.

आमच्या ग्रुपवर क्रम उलटा होता. बेत आधी आला, आकडा त्यातून निघाला आणि माणसं शेवटी मोजली गेली. न्याय-अन्याय बिल फोडताना झाला असं आपल्याला वाटतं, पण तोवर उशीर झालेला असतो. ज्याला परवडत नव्हतं तो बिलापर्यंत पोचलेलाच नसतो. स्प्लिटवाइजसारखं ॲप गेलेल्यांमधला हिशोब पैशापर्यंत चोख मांडतं. न गेलेल्याचा रकाना त्यात नसतो.

आणि हा फक्त पैशाचा हिशोब नव्हता. दिवाळीची सुट्टी पुणेकराला भरपगारी. तासिकावाल्याला त्याच सुट्टीत एक रुपया मिळत नाही, कारण तास नाहीत. शेतकऱ्याच्या घरी तेव्हा सोयाबीन नुकतं निघालेलं, भाव पडलेला, आणि रब्बीची पेरणी तोंडावर. एकाच तारखेची किंमत सहा जणांना सहा वेगळ्या पडतात.

‘मग नाही गेलं तर काय बिघडलं? सहल ही काही भाकरी नाही,’ असं कुणी म्हणेल. याचं उत्तर अ‍ॅडम स्मिथनं १७७६ मध्येच देऊन ठेवलंय. ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये तो लिनन कापडाच्या सदऱ्याचं उदाहरण घेतो. जगायला तो सदरा लागत नाही. ग्रीक आणि रोमन लोक त्याच्याशिवाय सुखात राहिले. पण स्मिथच्या काळातल्या युरोपात बऱ्यापैकी मजुरालाही तो अंगावर नसताना चारचौघांत जायची लाज वाटे. म्हणजे गरजेची वस्तू कोणती, हे पोटाबरोबर शेजारीपाजारीही ठरवतात. अमर्त्य सेन यांनी गरिबीबद्दल लिहिताना हे उदाहरण पुन्हा पुढे आणलं. आपल्या वयाच्या मुलांसाठी सहल हा तसा सदरा झालाय. चार मित्र चारमिनारसमोर उभे असलेला फोटो स्टेटसला दिसतो, आणि गावात कुणीतरी सहज विचारतं, ‘तू नाही गेलास का रे?’

मला वाटतं, प्रश्नाची खरी गाठ इथं आहे. पैसेवाल्याची अडचण आणि बिनपैसेवाल्याची अडचण यांत रकमेपेक्षा मोठा एक फरक असतो. ‘मला स्लीपरमध्ये झोप येत नाही’, ‘मला ती तारीख गैरसोयीची आहे’, हे माणूस ग्रुपवर मोठ्यानं लिहू शकतो. त्यावर भांडता येतं, थट्टा करता येते, तडजोड निघते. ‘मला परवडत नाही’ हे मात्र लिहिता येत नाही. ती अडचण ‘नाही जमायचं’ या बुरख्याखाली येते, म्हणून तिच्यावर तडजोडच होत नाही. तेव्हा बेत ठरवताना नियम असा असावा : जी गैरसोय उघड बोलता येते, ती सोसावी. जी बोलता येत नाही, ती कुणावर येऊ देऊ नये.

हा नियम फुकट नाही. आम्ही नंतर बेत बदलला. एकानं सगळ्यांना वेगवेगळा फोन केला आणि किती रुपयांत व कधी, एवढंच विचारलं. कुणाचा आकडा कुणाला सांगितला नाही. सगळ्यांत लहान आकडा पाया धरला : रात्रीची अजिंठा एक्सप्रेस, स्लीपर, साध्या लॉजच्या दोन खोल्या, माणशी दोन हजारांच्या आत. तारीख संक्रांतीनंतरच्या शनिवार-रविवारची, कारण तोवर सोयाबीन विकून झालं होतं आणि हरभऱ्याला एक पाणी देऊन झालं होतं. फिल्म सिटी ‘ज्याला हवी त्यानं’ अशी बाजूला ठेवली. तिकडे कुणीच गेलं नाही, त्यापेक्षा सालारजंगमधल्या घड्याळात बाहुला येऊन ठोके देतो ते बघायला सगळे गर्दीत थांबले.

या बदलाची किंमत पुणेकरानं मोजली. दिवाळीत तो घरून आमच्याबरोबर आला असता. आता त्याला पुण्याहून दोन रात्री बसमध्ये काढून सोमवारी ऑफिस गाठावं लागलं. वर एसी नाही. त्यानं तक्रार केली, आणि त्याची तक्रार खरी होती. वर्षभर राबून कमावलेल्या पैशानं दोन दिवस आरामात राहावंसं वाटणं हा गुन्हा नाही. ‘दर वेळी सगळ्यांत कमी आकड्यावरच चालायचं का?’ असंही त्यानं विचारलं. याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. दर वेळी नाही, असं वाटतं. चौघांनी एखादी महागडी सहल करावी, त्यात पाप नाही. फक्त तिला ‘ग्रुपची ट्रिप’ म्हणू नये, आणि तिचा पोल सहा जणांच्या ग्रुपवर टाकू नये.

एक गोष्ट मात्र मला महत्त्वाची वाटते. पुणेकर ही तक्रार सगळ्यांसमोर, गोवळकोंड्याच्या पायऱ्या चढता चढता, शिव्या घालत करू शकला. सगळे हसले, शेतकरी मित्रानं त्याची बॅग खांद्यावर घेतली, आणि विषय तिथंच फिटला. दिवाळीचा बेत तसाच राहिला असता, तर दोन-तीन जणांची तक्रार घरीच बसली असती, आणि ती कधीच फिटली नसती.

तेव्हा पुढचा बेत आखाल तेव्हा हॉटेलचे फोटो टाकण्याआधी फोन करा. एकेकाला, वेगवेगळा. आणि कुणी ‘नाही जमायचं’ म्हणालं, तर लगेच ‘बरं, पुढच्या वेळी’ म्हणू नका. ‘कसं केलं तर जमेल?’ एवढं विचारून बघा.