फसवणाऱ्याचा धर्म आणि फसलेल्याचा चेहरा

सुरतेच्या जुन्या शहराच्या आग्नेयेला असलेल्या गोडादऱ्यात जी मराठी कानावर पडते, ती मुख्यतः खानदेशाची. धुळे, जळगाव, नंदुरबारकडची माणसे यंत्रमाग, डाइंग-प्रिंटिंगच्या मिला आणि कापड मार्केटमधल्या कामासाठी तापीच्या खोऱ्याने खाली उतरली आणि लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा या पट्ट्यात त्यांनी संसार थाटले. सतराव्या शतकात सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारे व्यापारी तांडे याच वाटेने चालत. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने या वाटेवरचे नवापूर आणि नंदुरबार हे मुक्काम नोंदवून ठेवले आहेत. शहराच्या ज्या पूर्व दरवाज्यातून ही वाट निघे, त्याचे नाव बुऱ्हाणपुरी भागळ या वस्तीने अजून जपले आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांचा तळ पडला तो याच दरवाज्याबाहेरच्या एका बागेत. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर सांगते की, सुरतेवर पाळत ठेवून आलेल्या बहिर्जी नाईकाने महाराजांना खबर दिली : हे शहर हाती आले तर अगणित द्रव्य सापडेल. ज्या शहराला एका मराठी हेराने गाफील गाठले, त्याच शहरात आज लाखो मराठी माणसे भाकरी कमावतात. म्हणून हेरकथेच्या पोटातला जुना प्रश्न इथे अधिक थेटपणे विचारला पाहिजे. राज्यासाठी, धर्मासाठी केलेली फसवणूक धर्म्य असते का? माझे उत्तर असे आहे की उदात्त हेतू अशा फसवणुकीला परवानगी देऊ शकतो, पण तिला निर्दोष करू शकत नाही. तिचा दोष आपण मानतो की नाही, हे फसलेल्या माणसाला आपण आपल्या कथेत किती जागा देतो यावरून ठरते. ही जागा दिली जाते किंवा नाकारली जाते ती फार करून संवादांत नाही, तर संगीतात आणि दृश्यरचनेत.

हेरपटाचे मूळ शोधताना आपण सहसा किपलिंगच्या 'किम'पाशी (१९०१), कॉनरॅडच्या 'द सीक्रेट एजंट'पाशी (१९०७) किंवा इयन फ्लेमिंगच्या 'कॅसिनो रॉयल'पाशी (१९५३) थांबतो. आपल्याकडचे मूळ याहून कितीतरी जुने आहे आणि ते पहिल्यापासून गाण्या-बजावण्याशी जोडलेले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पहिल्याच अधिकरणात हेरांची रचना येते. कपटी विद्यार्थी, व्रत सोडलेला संन्यासी, परिस्थितीने गांजलेला शेतकरी, तसाच व्यापारी आणि तापस या पाच रूपांत एका जागी ठाण मांडून बसणारे हेर त्यात आहेत, आणि हिंडून खबर काढणारेही आहेत. घराच्या आतली खबर काढण्यासाठी कौटिल्य ज्यांची नावे घेतो त्यांत नट आहेत, नर्तक आहेत, गाणारे आणि वाजवणारे आहेत. ज्याला कुठल्याही दारात अडवत नाहीत आणि ज्याच्याकडे सगळे बघत असूनही ज्याची ओळख कुणी विचारत नाही, असा माणूस म्हणजे कलावंत. तेव्हा संगीत हे हेरकथेला मागाहून चढवलेले आभूषण नाही. ते हेराचे मूळचे साधन आहे.

विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकात याचा पुरावाच रंगमंचावर येतो. चाणक्याचा हेर निपुणक यमाचे चित्र रंगवलेला पट घेऊन दारोदार गाणी म्हणत हिंडतो. असाच तो पाटलिपुत्रातल्या चंदनदास या जवाहिऱ्याच्या घरात शिरतो. गाणे चालू असताना आतून पाचेक वर्षांचे एक मूल कुतूहलाने बाहेर धावते. आत बायकांची कुजबुज होते आणि एक स्त्री दाराआडून हात लांबवून मुलाला मागे ओढते. त्या ओढाताणीत पुरुषाच्या मापाची अंगठी तिच्या बोटातून निसटते, घरंगळत उंबऱ्याबाहेर येते आणि निपुणकाच्या पायाशी थांबते. अंगठीवर राक्षस या अमात्याचे नाव कोरलेले असते. नंद राजांचा हा एकनिष्ठ अमात्य आपले कुटुंब मित्राच्या घरी ठेवून गेला आहे, हे चाणक्याला असे कळते, आणि त्याच मुद्रेने तो पुढे खोट्या पत्रावर शिक्का मारतो. या प्रसंगात हेरपटाची सगळी सामग्री आहे : वेश, चित्र, सूर, आणि हातात मावेल एवढी एक वस्तू. पण आणखीही काही आहे. राज्य उलथवणारा हा पुरावा मिळाला तो एका आईने मुलाला जपण्यासाठी पुढे केलेल्या हातातून. विशाखदत्ताने ते दडवलेले नाही. विजयाची पहिली किंमत कुणाच्या घरातून वसूल झाली, हे त्याने पहिल्याच अंकात दाखवून ठेवले आहे.

प्रत्यक्ष इतिहासातही सूर हेराच्या उपयोगी पडलेला दिसतो. एप्रिल १६६३ मध्ये पुण्याच्या लाल महालात मोगल सरदार शायिस्ताखानावर छापा पडला. त्याचे वर्णन करताना मोगल इतिहासकार खाफीखान सांगतो की मराठ्यांनी लग्नाच्या वरातीच्या निमित्ताने शहरात शिरकाव केला, आणि छापा चालू असताना काही जणांनी नगारखान्यात जाऊन खानाच्या नावाने नगारे वाजवण्याचा हुकूम दिला. त्या गजरात आतला आरडाओरडा कुणाला ऐकू गेला नाही. महाभारतातल्या द्रोणवधाच्या कथेलाही लोकपरंपरेने असाच एक ध्वनी जोडला आहे. अश्वत्थामा मारला गेला, असे युधिष्ठिर मोठ्याने म्हणतो. तो माणूस की हत्ती, हे पुटपुटण्याच्या वेळी कृष्णाचा शंख वाजतो. नगारा काय, शंख काय, दोन्हींचे काम सत्य ऐकू येऊ न देणे हेच. तरी महाभारत शंखनादावर थांबत नाही. जमिनीपासून चार बोटे वर चालणारा युधिष्ठिराचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकतो, आणि अखेरीस त्याला नरकाचे दर्शन घ्यावे लागते. पांडवांचे युद्ध धर्मयुद्ध होते, द्रोण थांबला नसता तर त्यांची सेना संपली असती, हे सर्व ग्रंथाला मान्य आहे. तरीही असत्याची नोंद झालीच पाहिजे, असा त्याचा आग्रह आहे.

आता चित्रपटाकडे वळू. प्रत्यक्षात संगीत हेराला लपवते, पडद्यावर ते त्याला आपल्यापुरते उघडे करते. शत्रूच्या दिवाणखान्यात बसलेल्या हेराचा चेहरा शांत असतो, पण पार्श्वसंगीतातला ताणलेला सूर त्याच्या मनाची घालमेल आपल्याला सांगतो. घरातल्या कुणालाही जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक होते. खऱ्या हेराच्या कृत्याला साक्षीदार नसतो. चित्रपट ते साक्षित्व प्रेक्षकाला देतो, आणि साक्षीदाराच्या जागी बसलेल्यावर दोन्ही बाजू पाहण्याची जबाबदारी येते. ही जबाबदारी सूर आणि दृश्य मिळून कशी विसरायला लावतात, याचे लख्ख उदाहरण १९६२ च्या 'डॉक्टर नो' या पहिल्या बाँडपटात आहे. मॉरिस बाइंडरने रचलेल्या त्याच्या सुरुवातीला पडदा म्हणजे बंदुकीच्या नळीचे आतून दिसणारे गोल तोंड असते. त्यातून चालत जाणारा हेर अचानक वळतो, आपल्या दिशेने गोळी झाडतो आणि वरून लाल रंग ओघळतो. नीट पाहिले तर या क्षणी आपण शत्रूच्या जागी आहोत आणि मारले गेलो आहोत. पण माँटी नॉर्मनची, जॉन बॅरीने वाद्यवृंदासाठी बांधलेली ती धून सुरू होते आणि आपण मारणाऱ्याच्या तालावर ठेका धरतो. त्याच चित्रपटात केन अ‍ॅडमने उभारलेली एक खोली आहे. जवळजवळ रिकामी, तिरकस छताची, छताला गजांचे एक मोठे गोल भोक आणि त्याची जाळीदार सावली जमिनीवर. तिथे शत्रूचा फक्त आवाज येतो, माणूस दिसत नाही. रचना म्हणून ही खोली अप्रतिम आहे. परंतु ज्याला चेहरा नाही त्याला फसवताना कुणाचेच मन कचरत नाही, ही सोयही तीच खोली करून देते.

याउलट मेघना गुलजार यांचा 'राज़ी' (२०१८) पाहावा. हरिंदर सिक्का यांच्या 'कॉलिंग सहमत' या कादंबरीवरून तो घेतला आहे. १९७१ च्या युद्धापूर्वी पाकिस्तानी लष्करी घराण्यात सून म्हणून गेलेली भारतीय हेर सहमत तिथल्या शाळेतल्या मुलांकडून देशभक्तीचे गाणे बसवून घेते. शंकर-एहसान-लॉय यांची एकच चाल आणि एकच शब्द. मुले ते आपल्या देशासाठी गातात आणि त्यांच्यामागे उभी असलेली सहमत ते आपल्या देशासाठी गाते. फसवणूक अगदी पूर्ण आहे, पण हे संगीत मुलांना खलनायक करत नाही. त्यांची निष्ठा सहमतच्या निष्ठेइतकीच खरी असल्याचे ते ऐकवते. म्हणून घरचा जुना नोकर तिच्या हातून मारला जातो तेव्हा आपल्याला टाळी वाजवता येत नाही, आणि तरीही तिचे देशप्रेम कमी वाटत नाही. विशाखदत्ताच्या मार्गावरचा हा चित्रपट आहे. 'मुद्राराक्षसा'त सर्वांत उजळ माणसे फसवले गेलेल्यांच्या बाजूला आहेत : मित्राचे कुटुंब दाखवून देण्याऐवजी सुळावर जायला तयार झालेला चंदनदास, आणि त्याला वाचवण्यासाठी स्वतःला शत्रूच्या स्वाधीन करणारा राक्षस.

ही कसोटी सुरतेला लावली तर काय दिसते? शायिस्ताखानाने तीन वर्षे स्वराज्याचा मुलूख तुडवला होता. त्याची भरपाई मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून करण्यात राजकीय न्याय होता, हे मी मानतो. महाराजांनी आधी सुभेदार आणि मोठे व्यापारी यांना बोलणीसाठी निरोप पाठवला होता. सुभेदार इनायतखान मात्र किल्ल्यात दडून बसला, आणि तहाची बोलणी करण्याच्या बहाण्याने त्याने पाठवलेल्या तरुणाने महाराजांवर खंजीर चालवला. कपट एकाच बाजूला नव्हते. पण शहर जळाले ते इनायतखानाचे नव्हते. वीरजी व्होरा याच्यासारख्या सावकारांबरोबर ज्यांचा सुभेदारीशी काडीचा संबंध नव्हता अशांचीही घरे त्या आगीत गेली, आणि कैद झालेल्यांवर जे गुदरले ते इंग्रज वखारीच्या कागदांत व तिचा पाद्री एस्कालियट याच्या पत्रात वाचायला मिळते. त्याच घटनेची दुसरी बाजूही नोंदली गेली आहे. फ्रेंच प्रवासी बर्निए लिहितो की कपुचिन पाद्र्यांच्या मठाला आणि डच वखारीच्या एका दिवंगत, दानशूर दलालाच्या घराला महाराजांनी हात लावू दिला नाही. हजारो घरांच्या शहरात नेमके कोणते घर सोडायचे, हे कळायला माहिती लागते. म्हणजे जे ज्ञान लुटीला वाट दाखवते तेच दयेलाही दाखवू शकते. हेरगिरीचे नैतिक समर्थन करायचेच तर मी ते इथे करीन : जो शत्रूला नीट ओळखतो त्यालाच शत्रू आणि निरपराध यांत फरक करता येतो. पण मग तो फरक करण्याचे बंधनही त्याच्यावर येते.

याला पहिला आक्षेप महाभारतातूनच येईल. कर्णपर्वात कृष्ण कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. त्याने सत्यव्रतापायी लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा लुटारूंना सांगितला, ती माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९७ साली दाराशी आलेल्या खुन्यालाही खोटे सांगू नये असे प्रतिपादन केले. कृष्णाचे उत्तर नेमके उलट आहे आणि मला ते पटते. पण कौशिकाने जे असत्य बोलायला हवे होते त्यात फसणारे मारेकरी होते. हेराच्या असत्यात चंदनदासाची बायकामुले फसतात, सहमतचे सासर फसते. कौशिकाची कथा असत्याची मुभा देते. सगळ्या असत्याला एकाच तागडीत तोलायला ती सांगत नाही. दुसरा आक्षेप गीतेचा : हेर निष्काम असतो, त्याला ना नाव मिळते ना कीर्ती, मग त्याला दोष कसा लागेल? बहिर्जीबद्दल कागदोपत्री किती थोडे उरले आहे, हे पाहिले की या आक्षेपाचे वजन जाणवते. सांगली जिल्ह्यात बाणूरगडावर त्याची समाधी दाखवतात. त्याची बहुतेक रूपे लोककथांनी जपली आहेत. पण निष्कामता कर्त्याला स्वतःच्या फळापासून सोडवते. दुसऱ्याच्या पदरात पडलेले फळ तिने पुसले जात नाही. तिसरा आक्षेप रसिकाचा असेल : हेरपटात वीररस हवा, नीतीचा पाठ नको. अभिनवगुप्ताने रसाचे वर्म सांगितले ते हे की नाटकातला भाव माझा-तुझा राहत नाही, सर्वांचा होतो. तसे असेल तर हेराचे धैर्य जसे आपले होते तशी फसलेल्याची भीतीही आपली व्हायला हवी. एकाच बाजूचा भाव आपला होत असेल तर तो रस अर्धाच राहिला.

सर्वांत जिव्हाळ्याचा आक्षेप अभिमानाचा आहे. 'फर्जंद' आणि 'फत्तेशिकस्त' यांसारख्या चित्रपटांनी बहिर्जीला पुन्हा घराघरांत नेले, आणि ते होणे गरजेचे होते. रामोशी समाजातल्या या माणसाला इतिहासाने फार काळ उपेक्षेत ठेवले. अशा वेळी सुरतेच्या व्यापाऱ्याचे दुःख दाखवले तर आपल्या वीराची उंची घटेल, अशी भीती वाटणे समजण्यासारखे आहे. मला उलट दिसते. राक्षस मोठा आहे म्हणूनच चाणक्याचा विजय मोठा ठरतो. मूर्ख आणि दुष्ट शत्रूला फसवणाऱ्याच्या अंगी कसले शहाणपण लागते? बहिर्जीवर सुरतेचा चित्रपट कुणी काढलाच तर त्याने ज्या पेढीवर उभे राहून हिशेब ऐकले तिथल्या गुमास्त्याला नाव आणि घर द्यावे, त्या घराला स्वतःचा सूर द्यावा, आणि तळावरचे नगारे वाजतील तेव्हा तो सूर त्यांखाली बुडू देऊ नये. गोडादऱ्यातला मराठी प्रेक्षक अशा चित्रपटाचा सर्वांत योग्य पारखी ठरेल. त्याचे आराध्य दैवत या शहरावर चालून आले होते आणि त्याचे शेजारी, मालक, सहकारी याच शहराचे आहेत. दोन्हींविषयी खरे बोलणे ही त्याची रोजची गरज आहे. राज्य वाचवण्यासाठी असत्य बोलावे लागले, हे मान्य करायला धैर्य लागते. ते असत्य कुणाला महाग पडले, हेही त्याच तोंडाने सांगणे हा त्या धैर्याचा उरलेला अर्धा भाग आहे, आणि हेर स्वतः जे सांगू शकत नाही ते सांगण्यासाठीच त्याची कथा असते.