जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

जुनी वस्तू टाकावी की सांभाळावी, हा प्रश्न प्रत्येक घरात वर्षातून एकदा, निदान दिवाळीच्या साफसफाईच्या वेळी तरी, उपस्थित होतोच. तांब्यापितळेच्या भांड्यांच्या बाबतीत तो लवकर सुटतो. कल्हई लावली की काम भागते. परंतु वस्तू जितकी मोठी, खर्चिक आणि उपयोगाच्या दृष्टीने मागे पडलेली, तितका हा प्रश्न अर्थशास्त्राची हद्द ओलांडून नीतिशास्त्राच्या हद्दीत शिरतो. पन्नास, साठ, प्रसंगी ऐंशी वर्षांपूर्वी इटलीत तयार झालेल्या घरगुती मोटारी पुन्हा पूर्वस्थितीस आणण्यात आयुष्याची कित्येक वर्षे व मिळकतीचा मोठा हिस्सा वेचणारे लोक त्या देशात आणि त्याबाहेरही आहेत. त्यांच्या ह्या उद्योगास केवळ हौस म्हणावे, वेड म्हणावे, की विचारी माणसाने आदर करावा असे काही मूल्य त्यात आहे, हे पाहण्याचा आमचा येथे उद्देश आहे.

आम्ही मुद्दाम चार दारांच्या, कुटुंबाने बसावयाच्या मोटारीचा विचार करीत आहोत. तिला आपण सेडान म्हणतो. इटालियन लोक बेर्लिना म्हणतात. शर्यतीच्या किंवा दोन आसनांच्या उघड्या मोटारीचे कौतुक करावयास तत्त्वज्ञानाची गरज नाही. तिचे रूप आणि तिची लिलावातील किंमत ही दोन्ही पुरेशी बोलकी असतात. सेडानचे तसे नाही. लान्चिया कंपनीच्या ऑरेलिया ह्या एकाच घराण्यातील उघडी मोटार आज जी किंमत आणते तिच्या कितीतरी खाली तिच्या चार दारांच्या बहिणीची किंमत असते. त्यामुळे घडले असे की, ह्या बहिणीचे एंजिन, गिअरपेटी वगैरे अवयव काढून देखण्या बहिणीस बसविण्यात आले आणि उरलेला सांगाडा भंगारात गेला. अशा स्थितीत जो मनुष्य सेडानच दुरुस्त करावयास घेतो, त्याने घातलेला पैसा बहुधा परत येत नाही, आणि हे त्यास पहिल्या दिवशीच ठाऊक असते. म्हणूनच हेतूची परीक्षा येथे अधिक स्वच्छपणे होते.

मग तो कशावर लुब्ध होतो? उदाहरणार्थ, लान्चियाचीच आप्रीलिया घ्या. ही मोटार १९३७ साली विक्रीस आली आणि त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत तिचा जनक विन्चेन्झो लान्चिया निधन पावला. तिला निराळा लोखंडी पाया नाही. सगळे कवचच भार वाहते. चारही चाके आपापल्या परीने स्वतंत्रपणे खालीवर होतात. पुढची व मागची दारे मधोमध एकमेकांपासून उघडतात आणि त्यांच्यामध्ये खांब नाही, त्यामुळे आत शिरणाऱ्या वृद्ध माणसाचा गुडघा कोठे अडत नाही. १९५० साली आलेल्या ऑरेलियात सहा सिलिंडरांचे व्ही आकाराचे एंजिन होते. विक्रीच्या मोटारीत मोठ्या प्रमाणावर असे एंजिन घालण्याची जगातील ती पहिलीच वेळ. तिची गिअरपेटी मागच्या चाकांजवळ नेऊन वजनाचा तोल साधला होता. पुढे १९६२ साली आल्फा रोमेओने जूलिया ही सेडान काढली. वरवर पाहता ती एखाद्या खोक्यासारखी दिसते. पण तिची छाटल्यासारखी शेपटी आणि कडांचे उतार वाऱ्याच्या अभ्यासातून आलेले आहेत, आणि १५७० घनसेंटिमीटरच्या तिच्या लहानशा एंजिनात झडपा चालविण्यासाठी दोन दंड व पाच गतींचे गिअर दिलेले होते. शर्यतीच्या मोटारीला शोभावी अशी ही सामग्री मुलांना शाळेत सोडावयाच्या गाडीत होती.

ह्या मोटारी वकिलाच्या, डॉक्टरच्या, दुकानदाराच्या घरी जावयाच्या होत्या. पत्र्याखाली काय आहे, हे त्यांतील बहुतेकांनी आयुष्यात कधी पाहिले नसेल. तरीही जेथे कोणाची दृष्टी जाणार नाही अशा ठिकाणी रचनाकाराने आपली उत्तम बुद्धी खर्च केली. बुद्धीचे हे गुप्तदान, गाडी उघडून बसल्याखेरीज कळत नाही. जीर्णोद्धार करणारा मनुष्य हा आमच्या मते प्रथम एक वाचक आहे. मूळ ग्रंथकार कधीच निघून गेलेला असतो, वाचक पानामागून पान उलगडतो आणि एखाद्या सांध्यापाशी थबकून, "हे असे का केले असेल?" असे स्वतःस विचारतो. उत्तर सापडले की त्यास होणारा आनंद हा मालकीचा नसून समजुतीचा असतो. ह्या छंदाच्या व्यक्तिगत आकर्षणाचे मूळ आम्हांस येथे दिसते.

परंतु वाचकाचे काम वाचण्यापुरतेच थांबत नाही. पोथी फाटलेली असते, अक्षरे पुसलेली असतात आणि मधल्या हातांनी नसते श्लोक घुसडलेले असतात. त्या काळच्या इटालियन पत्र्यास गंजाचा मोठा शाप होता. कवचच भारवाहक असल्यामुळे दाराखालच्या पट्टीस लागलेला गंज हा कातडीचा रोग राहत नाही, तो हाडास पोचतो. आप्रीलिया व ऑरेलिया ह्यांत मधला खांब नसल्याने तर खालच्या पट्ट्यांवर अधिकच भिस्त असते. आतून आधार दिल्यावाचून त्या कापल्या, तर कवच खचते आणि दारे पुन्हा नीट लागत नाहीत. असे असता पूर्वीच्या एखाद्या कारागिराने भोकात पुट्टी भरून वर झकास रंग चढविलेला आढळतो. विकण्यापुरती गाडी सुंदर दिसते आणि आत ती पोखरलेली असते. नव्या हातास येथे निवड करावी लागते. झाकून टाकणे स्वस्त असते. उघडे करून कापणे व नवा पत्रा जोडणे महाग आणि कंटाळवाणे असते. कोणी पाहत नसता ही निवड करावयाची असते, म्हणूनच ती नीतीची ठरते.

जीर्णोद्धार कोठवर करावा ह्याविषयी युरोपात एकोणिसाव्या शतकातच मोठा वाद झाला. इंग्रज ग्रंथकार रस्किन ह्याने १८४९ साली असे प्रतिपादन केले की, जुन्या इमारतीचा जीर्णोद्धार म्हणजे तिचा सर्वांत पूर्ण असा नाश होय. गेलेल्या कारागिराचा हात कोणास परत आणता येत नाही. उलट फ्रेंच वास्तुविद व्हिओले-ल-द्यूक ह्याचे मत असे की, इमारतीस अशा पूर्णत्वास न्यावे, जे कदाचित तिला पूर्वी कोणत्याही एका क्षणी लाभले नसेल. मोटारींच्या बाबतीत दुसऱ्या मताचे अनुयायी पुष्कळ भेटतात. कारखान्यातून निघताना नव्हती इतकी चकाकी ते गाडीस आणतात. आम्हांस दोन्ही मते टोकाची वाटतात. रस्किनचे ऐकले तर गाडी गंजून जाईल. दुसऱ्याचे ऐकले तर गाडी राहील, पण तिची हकीकत नाहीशी होईल.

मधला मार्ग आपल्या पुण्यातच विद्वानांनी घालून दिलेला आहे. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ साली पुरे झाले. त्या आवृत्तीत जो पाठ निश्चित नाही त्याच्याखाली नागमोडी रेघ दिलेली आहे. पोथीत खिंडार असेल तर ते भरावे. पण भरणारा हात कोणता, हे वाचकास कळू द्यावे, हा त्या रेघेचा अर्थ. जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली संमत केलेल्या तूरिन सनदेचाही कल असाच आहे: जे मूळचे टिकण्याजोगे असेल ते टिकवावे, नव्याने घातलेले भाग खुणेने ओळखता यावेत आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी. झिजलेले आसन शिवून चालत असेल तर ते बदलू नये. कारण त्या झिजेत एका कुटुंबाचे कित्येक प्रवास साठलेले असतात.

येथे तार्किक मनुष्य आक्षेप घेईल की, पट्ट्या नव्या, पिस्टन नवे, रंग नवा. मग जुने काय उरले? हा प्रश्न आपल्याकडे दोन हजार वर्षांमागेच रथाच्या रूपाने विचारला गेला आहे. मिलिंद राजास भिक्षू नागसेनाने विचारले की, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय. आणि राजास प्रत्येकास नाही म्हणावे लागले. ह्या युक्तिवादाचा लाभ जीर्णोद्धारकास होतो, कारण नवीन असतानाही गाडी म्हणजे तिचा कोणता एक भाग नव्हताच. परंतु इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज ह्याने जहाजाच्या जुन्या ग्रीक दृष्टान्तास एक बोचरी पुस्ती जोडली. काढून टाकलेल्या फळ्या जपून ठेवून कोणी त्यांचे दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते? ह्यास आमचे उत्तर असे की, सातत्य हे द्रव्यात शोधण्यापेक्षा सांभाळात शोधावे. हातातून हातात गेलेली जबाबदारी आणि तिची प्रामाणिक नोंद जेथे अखंड आहे, तेथे गाडी तीच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गीतेने जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त देऊन देहाचाही मोह सोडावयास सांगितले. मग लोखंडाचा मोह कसा समर्थनीय? शिवाय जगात अन्नास मोताद झालेली माणसे असता एका मोटारीवर एवढे द्रव्य उधळावे काय? ह्या मोटारी धूर अधिक सोडतात, हेही खरे. हा आक्षेप आम्ही उडवून लावू इच्छित नाही. शेजाऱ्यास खिजविण्यासाठी किंवा घरच्यांच्या पोटास चिमटा घेऊन केलेला जीर्णोद्धार दुर्गुणच होय. पण जो समाज सर्व वस्तू वापरून फेकावयास शिकतो, तो हळूहळू त्या घडविणाऱ्या हातांसही तसेच वागवावयास शिकतो, अशी आमची भीती आहे. पत्रा ठोकून वळविणारा, कार्ब्युरेटरचा आवाज ऐकून दोष सांगणारा कारागीर अशा गाड्यांमुळेच अद्याप विद्या टिकवून आहे. ती विद्या एकदा गेली, की कोणत्याही पैशाने परत विकत मिळत नाही.

हा विचार मुंबईकर वाचकास परका वाटण्याचे कारण नाही. वालचंद हिराचंद ह्यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० ह्या इटालियन सेडानची बांधणी केली; १९७४ पासून तिचेच रूप पद्मिनी ह्या नावाने चालले. १०८९ घनसेंटिमीटरच्या एंजिनाची ही गाडी काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या वेशात मुंबईच्या दोन पिढ्यांनी वापरली. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिची शेवटची टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा अनेकांस हळहळ वाटली. हळहळ वाटणे सोपे आहे. त्यास खर्च नाही. तिच्या खालच्या पट्ट्या तपासून, पाटे उतरवून, ती पुन्हा चालती करणारा मनुष्य मात्र त्या हळहळीचे मोल चुकते करतो.

आमचा निष्कर्ष एवढाच की, जीर्णोद्धाराचे मूल्य गाडीच्या वयात नाही, दुर्मिळतेत नाही आणि चकाकीत तर मुळीच नाही. मागच्या पिढीतील एखाद्या अनामिक कारागिराने आपल्या सोयीसाठी जो विचार केला, तो समजून घेऊन, त्यात आपले नसते श्लोक न घालता, पुढच्या हाती देणे ह्यात ते आहे. अशी गाडी काचेच्या कपाटात न ठेवता रविवारी सकाळी कुटुंबासह चालवावी. कारण ती माणसांनी बसावे म्हणून बनविली होती. ती आपली नाही, काही काळ आपल्या स्वाधीन आहे, हे ज्यास उमगले त्याने लोखंडाचा मोह केला असे आम्ही म्हणणार नाही.