प्रवासातला एक सुट्टीचा दिवस आणि गीतेचं माप



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७.

या दोन श्लोकांत भगवंत अगदी घरगुती गोष्टी बोलतात. जेवण, झोप, हिंडणं-फिरणं, काम. फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि उपाशी राहणाऱ्यालाही नाही. सतत झोपणाऱ्याला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. ज्याचं सगळं मापात आहे, त्याचाच योग दुःख दूर करतो.

पण याच गीतेत, चौदाव्या अध्यायाच्या आठव्या श्लोकात, आळस, झोप आणि प्रमाद ही तमोगुणाची बंधनं सांगितली आहेत. मग काम अर्धं असताना एक दिवस नुसतं पडून राहणं, हा योग म्हणायचा की तमोगुण?

मला हा प्रश्न रस्त्यावर पडला. पुण्याहून कन्याकुमारीला एकटाच बाईकवर निघालो होतो. कोल्हापूर, बदामी करत तिसऱ्या संध्याकाळी होस्पेटला पोचलो आणि ठरवलं, उद्या गाडी हलवायची नाही. दुसऱ्या दिवशी कपडे धुतले, चेनला तेल दिलं, दुपारी झोपलो, संध्याकाळी हंपीला रिक्षाने जाऊन तुंगभद्रेच्या काठी बसलो. मित्राचा फोन आला, "अरे, अख्खा दिवस वाया घालवलास? आतापर्यंत बंगळुरू गाठलं असतंस!" त्याचं बोलणं लागलं, कारण माझंही मन आतून तेच म्हणत होतं.

तेव्हा महाभारतातल्या द्रोणपर्वातली एक गोष्ट आठवली. युद्धाचा चौदावा दिवस. सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन, ही अर्जुनाची प्रतिज्ञा. याहून कडक डेडलाईन कुठली असणार? जयद्रथ अजून दूर, आणि रथाचे घोडे बाणांनी जखमी, थकलेले. अर्जुन म्हणतो, घोडे सोडूया. आणि श्रीकृष्ण काय म्हणतात? वेळ नाही, असं म्हणत नाहीत. होकार देतात. अर्जुन रथाखाली उतरून एकटा शत्रूला थोपवून धरतो, बाणाने जमिनीतून पाणी काढतो. आणि साक्षात भगवंत घोड्यांच्या अंगातले बाण उपसतात, त्यांना चोळतात, पाणी पाजतात. मग रथ पुन्हा निघतो.

विचार करा. त्या दिवशी प्रत्येक घटका मोलाची होती, तरीही देवाने ती घोड्यांसाठी दिली.

कठोपनिषदात शरीराला रथ म्हटलंय, इंद्रियांना घोडे आणि बुद्धीला सारथी. सोलो ट्रिपमध्ये हे रूपक अगदी खरं होऊन बसतं. मागे बसून "अरे, जरा थांब" म्हणणारं कुणी नसतं. घोडे दमलेत हे ओळखायचं काम एकट्या बुद्धीचं. आणि तीच दमलेली असेल, तर "अजून शंभर किलोमीटर सहज होतील" असं सांगणारा तो आवाज नक्की कुणाचा? बहुतेक वेळा अहंकाराचा. स्टेटसवर आकडा टाकायचा असतो ना!

इथेच मला उत्तर सापडलं. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. डोळे जड झालेले असताना ऐंशीच्या स्पीडने हायवेवर गाडी रेटणं, यात झोपही आहे आणि प्रमादही. म्हणजे तमोगुण फक्त गादीवर नसतो, तो धावत्या गाडीवरही स्वार होतो. आणि त्याची किंमत एकटा मीच भरेन असंही नाही. रस्ता ओलांडणारी एखादी आजी, सायकलवरून शाळेत निघालेलं पोर... त्यांचा माझ्या टार्गेटशी काय संबंध? म्हणून विश्रांती ही नुसती आपली सोय नाही. अहिंसेचाच तो एक भाग आहे.

आपली वारी बघा ना. माउलींची पालखी पुण्यात दोन मुक्काम करते, मग दिवे घाट चढून सासवडला पुन्हा दोन मुक्काम. ओढ पंढरीचीच, तरी थांबा ठरलेला. त्या थांब्याला कुणी वारी बुडाली म्हणत नाही.

अर्थात थांबण्याच्या नावाखाली पळ काढणंही सोपं आहे. मी स्वतःला दोन प्रश्न विचारतो. मी कशासाठी थांबतोय, कर्तव्य टाळायला की ते नीट करायला? आणि उठल्यावर मन कसं आहे, अजून जड की हलकं? उत्तरं प्रामाणिक असली की माप आपोआप कळतं.

आजचा छोटा संकल्प: तुमचा प्रवास रस्त्यावरचा असो, ऑफिसचा असो की परीक्षेचा, आज एकदा थांबून बघा, आपले घोडे कसे आहेत. दमले असतील तर त्यांना पाणी पाजा. अपराधी वाटून घेऊ नका. हे काम भगवंतांनी स्वतःच्या हातांनी केलंय.

जय हरी!